जोडणाऱ्याने चालू करायचं नाही

४ मार्च

नियम बदलले. व्हिसाचं काम बघणाऱ्या सल्लागाराने सकाळी फोन करून बातमी दिली आणि वर "घाबरायचं काही कारण नाही" असंही म्हणाला. हा गृहस्थ असं म्हणाला की मला हमखास घाबरायला होतं.

आतापर्यंत वायरमनला तिकडे परदेशात कायमचं जायचं असेल तर कागद पुरत होते. शिक्षणाचा दाखला, केलेल्या कामांचे फोटो, आणि दादाचं पत्र, की हा माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर काम करतो आणि नीट करतो. सगळं तयार होतं, घास अगदी हातातोंडाशी आला होता. आता कागद हवेतच, शिवाय काम करून दाखवायचं. परीक्षा केंद्रावर, एकट्याने, परीक्षकासमोर. आणि हात चालू असताना तोंडही चालू ठेवायचं, म्हणजे काय करतोय आणि का करतोय ते सांगत राहायचं. नापास झालं तर आणखी एकच संधी. तीही हुकली तर पुढच्या अर्जापर्यंत माझं वय मर्यादेबाहेर जातं. मग विषयच संपला.

हिने सगळं ऐकून घेतलं आणि चहा पुढे केला. हिची बहीण तिकडे आहे. तिकडे जायचं हे हिने माझ्याशी लग्न ठरायच्या आधीच ठरवलं असावं. म्हणाली, "हातांचं मला टेन्शन नाही. बोलायचं कसं? तुम्ही काम करताना हूं की चूं करत नाही." मग उपायही तिनेच काढला. मुलीची एक कोरी वही आणून दिली. रोज काय केलं ते लिहायचं. लिहायला लागलात की बोलायलाही लागाल, असं तिचं गणित आहे.

दुकानात जाऊन दादाला सांगितलं. तो वायरचं वेटोळं सोडवत बसला होता. "हं," म्हणाला. दादाच्या "हं"चा अर्थ वहिनीला अजून लागलेला नाही, मला कुठून लागणार.

७ मार्च

लिहायला बसलं की पहिली अडचण अशी, की रोजच्या कामात लिहिण्यासारखं काय असतं? आज जेवलो, असं कोणी रोज लिहितं का? पण हिला दाखवायचं आहे, म्हणून लिहितो.

आज दवाखान्यात जुन्या वायरी काढून नव्या टाकल्या. मी जोडलं, दादाने बघितलं, दादाने मेन चालू केला. दुपारी शेजारच्या औषधांच्या दुकानात उलटं. दादाने जोडलं, मी बघितलं, मी चालू केलं. आमच्याकडे असंच असतं. जोडणाऱ्याने चालू करायचं नाही. हा नियम बाबांचा. ते म्हणायचे, आपल्या हाताची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, ती दुसऱ्याला दिसते. बाबा गेले, नियम राहिला. मी पक्कड खाली ठेवतो आणि म्हणतो, "दादा, बघ." मग तो कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतो, एकेक वायर बोटांनी धरून हलवून बघतो, "सरक" म्हणतो आणि मेन चालू करतो. इतक्या वर्षांत आमच्या कामात कधी ठिणगी उडाली नाही. लोकही आम्हाला जोडीनेच बोलावतात. एकट्याला कोणी विचारत नाही आणि एकटा कोणी जात नाही.

१५ मार्च

बोलायचा सराव चालू आहे. परीक्षक म्हणून आमची चिमणी. पट्टी हातात घेऊन स्टुलावर बसते आणि प्रत्येक वाक्याला "का?" विचारते.

"ही हिरवी वायर अर्थिंगची."

"का?"

"कोणाला शॉक लागू नये म्हणून."

"का लागू नये?"

"कारण तुझ्या बापाला अजून जगायचं आहे."

यावर चिमणीने मला शून्य मार्क दिले. दादा दारात उभा राहून हसत होता. मग एकदम हसणं थांबवून निघून गेला. हल्ली त्याचं असं होतं.

सल्लागाराने नव्या नियमांची पुस्तिका पाठवली आहे. चांगली जाडजूड आहे. जोडणीची प्रकरणं वाचली, त्यात मला नवीन काही नाही. शेवटचं प्रकरण तपासण्याचं आणि चालू करण्याचं. ती पानं दादाला वाचायला दिली. तो भाग त्याचा.

२७ मार्च

परीक्षा झाली, आणि मस्त झाली.

खोली स्वच्छ, भिंतीवर एक मोठी लाकडी फळी. तिच्यावर मेन बसवायचा, एक सॉकेट, आणि जिन्यातला दिवा असतो तसा दिवा, वरूनही चालू-बंद होणारा आणि खालूनही. परीक्षक एक बाई होत्या. केस पिकलेले, हातात टॅब, पायात आमच्यासारखेच जाड बूट. बूट बघूनच मला बरं वाटलं. "मी मदत करणार नाही आणि काही सुचवणारही नाही," एवढं सांगून त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

मी असा काही बोलत सुटलो की हिने ऐकायला हवं होतं. प्रत्येक वायरची ओळख करून दिली. वेळेच्या कितीतरी आधी काम संपवलं. पक्कड खाली ठेवली आणि म्हटलं, "झालं. बघा."

बाईंनी वर बघितलं. "झालं?"

"हो, झालं. बघा तुम्ही." मी बाजूला सरकून त्यांना जागाही करून दिली.

त्या जागच्या हलल्या नाहीत. मीही हललो नाही. म्हटलं, लांबूनच बघायची यांची पद्धत असेल. आम्ही दोघं बराच वेळ असेच उभे. शेवटी मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी विचारलं की केंद्रावर उमेदवार बरेच येतात का. त्यांनी टॅबवर काहीतरी टिपलं. मग घंटा झाली. निघताना मात्र म्हणाल्या, "तुमची जोडणी फार सुंदर आहे." आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू त्यांच्या घरातलंच कोणी लांब चाललंय.

वायरीला हात लावला नाही, चालूसुद्धा करून बघितलं नाही! माझ्या कामावर इतका विश्वास आजवर कोणी टाकलेला नाही.

जेवताना सगळ्यांना हे रंगवून सांगितलं. दादा आणि वहिनी समोरच्याच दारात राहतात, चांगलं काही झालं की जेवण एकत्र असतं. दादाने एवढंच विचारलं, "चालू कोणी केलं?"

"करतील ना त्या नंतर."

त्याने ताटातला भात तसाच ठेवला. वहिनी म्हणाली, मीठ कमी पडलं का?

९ एप्रिल

नापास.

जोडणी उत्कृष्ट, स्पष्टीकरण चांगलं. तपासणी केली नाही. चालू केलं नाही. हे दोन भाग रिकामे, म्हणून सगळंच नापास.

आधी मला कळेचना. मी कसा तपासणार? जोडणी तर मीच केली होती! म्हणजे त्या बाई मी चालू करायची वाट बघत होत्या आणि मी त्यांची. ज्याने जोडलं त्यानेच तपासायचं आणि त्यानेच चालू करायचं, ही कुठली रीत? स्वयंपाक करणाऱ्यानेच "वा, काय चव आहे" म्हणण्यासारखं झालं. हिला हे सांगितलं तर ही आधी खो खो हसली आणि मग डोळ्यांना पदर लावून रडायला लागली. मला दोन्हींचा राग आला, आणि रडण्याचा जास्त, कारण ते खरं होतं.

सल्लागार म्हणाला, घाबरायचं काही कारण नाही. पुढची तारीख मे महिन्यात मिळेल.

दादाने निकाल दोनदा वाचला. पुस्तिकेची ती शेवटची पानं मला परत दिली. "हे तू वाचायचं होतंस," म्हणाला. "माझं चुकलं."

तो तिथे नव्हताच, तर त्याचं काय चुकलं?

११ एप्रिल

संकटं कधी एकटी येत नाहीत. दादाचा गुडघा धरला. सकाळी म्हणाला, "मला चालवत नाही. आजपासून कामांवर तू जा." मी म्हटलं, मग बघणार कोण? म्हणाला, "मीटर आहे ना," आणि वायरी तपासायचा नवा कोरा मीटर माझ्या हातात ठेवला. कधी आणला कोण जाणे.

वहिनीला विचारलं, गुडघ्याला काही लावलं का? ती म्हणाली, "कुठला गुडघा?" नवऱ्याच्या दुखण्याची इतकी बेफिकिरी मी कुठे बघितली नाही.

१३ एप्रिल

निवृत्त शिक्षिका काकूंकडे स्वयंपाकघराची वायरिंग. जोडून झालं, पक्कड ठेवली, आणि सवयीने मागे वळलो. मागे काकू डबे पुसत होत्या.

मेनला हात लावायचं धाडस होईना. शेवटी म्हटलं, "काकू, जरा इकडे येऊन बघता का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. नुसतं उभं राहून बघा."

त्या बिचाऱ्या उभ्या राहिल्या. मी एकेक वायर हलवून दाखवली, त्या प्रत्येक वेळी "बरं" म्हणाल्या. मग मी चालू केलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. हे कोणाला सांगू नये.

१७ एप्रिल

आज सोबतीला काकूही नाहीत. घरामागच्या गल्लीतलं चपलांचं दुकान, मालक किल्ली देऊन गेलेला. काम संपलं आणि मी चपलांच्या मधोमध मूर्खासारखा उभा. दादाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. मग थोड्या वेळाने वहिनीला लावला.

"इथेच बसलेत हो भावजी. फोन हातातच आहे."

"मग उचलत का नाही?"

"ते मला कसं कळणार? नुसते बघत बसलेत त्याच्याकडे."

गुडघा दुखला की कानही जातात का? असा संताप आला की त्या भरात पुस्तिका काढली आणि तिच्यातल्याप्रमाणे मीटर लावत सुटलो. आधी सगळं बंद असताना तपासायचं. अर्थिंग सलग आहे का. वायरीवरचं आवरण कुठे सोललं आहे का. मग प्रत्येक सॉकेट. आणि कोपऱ्यातल्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल सापडली. माझीच! दिवा लावला असता तर लागला असता, पंखा फिरला असता, आणि एक दिवस कोणीतरी सॉकेटला बंद समजून हात लावला असता. मी खाली बसलो. घाम सुटला होता.

मग सुधारलं, पुन्हा पहिल्यापासून तपासलं आणि चालू केलं. बाबा म्हणायचे ते खरंच आहे, आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही. पण मीटरला दिसते. हे बाबांना कधी कोणी सांगितलंच नसावं.

२९ एप्रिल

हे लिहू की नको असं झालं, पण राग लिहून टाकला की कमी होतो, असं ही म्हणते.

सध्या शाळेच्या इमारतीचं काम आहे. आज खिडकीतून सहज बघितलं, तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर आमचे दादासाहेब! पाण्याच्या टाकीजवळ उभे, चष्मा डोळ्यांवर. त्या इमारतीला लिफ्ट नाही. मला सांगतो चालवत नाही, आणि इथे जिने चढून हवा खातो! मी हात केला तर टाकीमागे गेला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते कशाला? आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान हाक तरी मारावी माणसाने.

दुसरी गोष्ट. तीन आठवडे होत आले, याने स्वतः एकही काम घेतलेलं नाही. हाताने करायची लहानसहान कामंही परत पाठवतो. लोक मला विचारतात. बसून बसून माणूस आळशी होतो तो असा.

६ मे

आज दादाशी बोललोच. दुकान बंद करताना.

"मला नीट सांग. तुझा गुडघा बरा आहे. तू मला एकट्याला पाठवतोस, फोन उचलत नाहीस, लांबून तमाशा बघतोस. मी तिकडे जाऊ नये असं तुला वाटत असेल तर तोंडाने सांग."

तो शटरला कुलूप लावत होता. लावून झाल्यावर दोनदा ओढून बघितलं. मग म्हणाला, "तू जाऊ नयेस असंच मला वाटतं."

मी तयारीत होतो ती "नाही रे, काहीतरीच काय" याला उत्तर द्यायची.

"पण परीक्षा नीट दे," तो म्हणाला आणि दुकानाशेजारचा घराचा जिना चढून गेला. भराभर चढला.

१४ मे

पुन्हा तीच खोली, तीच फळी, त्याच बाई. मला ओळखलं असावं, पण दाखवलं नाही.

जोडणी केली. या वेळी पक्कड ठेवून मागे वळलो नाही, मीटर उचलला. बोलत होतो आणि हात ठरल्या क्रमाने जात होते, अर्थिंग, आवरण, सॉकेट, दिव्याच्या दोन्ही बाजू. प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला. सगळं बरोबर आलं. मग मेनकडे हात नेला आणि तोंडातून निघालंच, "दादा."

बाईंनी विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही. चालू करतो म्हणालो."

चालू केलं. दिवा लागला. खालून बंद केला, वरून लावला, वरून बंद केला, खालून लावला. परीक्षेला एकदाच लागतं, मी चार-पाच वेळा केलं असेल. बाई हसत होत्या. मला इतका आनंद झाला होता, आणि त्यातच मधोमध एक जागा अशी रिकामी होती की तिथे काहीच जाईना. शेजारी कोणी "सरक" म्हणालं नव्हतं. हे घरी सांगितलं नाही.

२३ मे

पास! गंगेत घोडं न्हालं एकदाचं. ही फोनवर बहिणीशी इतकी मोठ्याने बोलली की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. चिमणी स्टुलावर उभी राहून मला शंभरपैकी शंभर देती झाली. सल्लागार म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?"

वहिनी निकाल ऐकून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी पाणी प्यायला आत गेलो तर ओट्याला टेकून उभी होती.

"गुडघ्याला काही झालं नव्हतं हो, भावजी. तुम्ही नापास झालात त्या दिवशी मला म्हणाले, मी जवळ असेपर्यंत हा मेनला हात लावणार नाही. रोज तुमच्यामागून निघायचे. चपलेच्या दुकानासमोर तर उन्हात उभे होते, फोन वाजायला लागला तसे आवाज तुम्हाला ऐकू येईल म्हणून घरी पळत आले, आणि तुमचा मला फोन झाल्यावर परत जाऊन तुम्ही चालू करेपर्यंत थांबले."

मी या वहीत त्याला काय काय लिहून ठेवलं आहे! आळशी, तमाशा बघणारा. आज खोडायला घेतलं आणि राहू दिलं. मला त्या दिवशी जेवढं कळत होतं तेवढंच त्यात आहे.

"आणि स्वतःची कामं परत का पाठवली?" मी विचारलं.

"त्यांनी जोडल्यावर बघायला कोण होतं?" वहिनी म्हणाली.

हा विचार माझ्या डोक्यात आजपर्यंत एकदाही आला नव्हता. परीक्षा माझी, काळजी माझी, फाइल माझी. नियम बदलला तो दोघांसाठी बदलला होता.

२ जून

सकाळी दादा आमच्या पिशवीतून पुस्तिकेची ती पानं काढून घेऊन आला. माझ्यासमोर बसला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हे मला शिकव."

त्याच्याकडून सगळं शिकलो मी. वायर सोलायची कशी इथपासून. त्याला शिकवायचं म्हटल्यावर जीभ जड झाली. पण बसलो. तो चांगला विद्यार्थी नाही. मीटरवर त्याचा विश्वासच बसत नाही, आकडा आला तरी वायर बोटाने हलवून बघतो. मी ओरडलो की "हं" म्हणतो. या "हं"चा अर्थ मात्र मला कळला. घाबरलाय तो.

९ जून

आठवडाभर शिकवल्यावर आज दादाने काम घेतलं. वरच्या मजल्यावरची एक रिकामी सदनिका, भाडेकरू यायचे आहेत. मी सोबत होतो, पण हात लावायचा नाही असं ठरलं होतं.

त्याने सावकाश जोडलं. पक्कड खाली ठेवली आणि म्हणाला, "बघ रे."

मी पुढे झालो होतो. अगदी बोर्डापर्यंत. मग थांबलो. म्हटलं, "मी खाली जाऊन चहा घेऊन येतो."

"आत्ता?"

"आत्ता."

दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसलो. आतून मीटरचा आवाज यायला लागला, थोडा थांबायचा, पुन्हा यायचा. मग बराच वेळ काहीच नाही. मी उठलो, दाराला हात लावला, परत येऊन बसलो. तो आत एकटा आहे आणि पुढे रोज एकटाच असणार आहे, हे मला तिथे बसल्यावर कळलं. रडू आलं, ते येऊ दिलं. तिकडे जायचं म्हणजे विमानात बसायचं, असं मी इतके दिवस समजत होतो.

मग आत पंखा फिरायला लागला.

आत गेलो. दादा पंख्याखाली उभा होता, सदरा पाठीला चिकटलेला.

"चहा?" त्याने विचारलं.

"मिळाला नाही."

"सगळं बरोबर आहे ना? बोर्ड बघितलास?"

"नाही," मी म्हटलं. "मी बघितलाच नाही."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. मग खाली बसून हत्यारं भरायला लागला. आमची पिशवी एकच आहे, दोघांचं सगळं तिच्यातच असतं. आज त्याने माझी पक्कड वेगळी काढली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली.